पाच वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : त्याला स्पीकर कोणता जोडायचा?

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर बदललं की आजोबांच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर पहिली गदा येते. त्याला आधुनिक छोटे स्पीकर जोडून बघतात, "याला आवाजच नाही" म्हणतात आणि भंगारवाल्याला देऊन टाकतात. दोष बहुतेक वेळा स्पीकरच्या निवडीत असतो.

ईएल-८४ हा एकच व्हॉल्व्ह शेवटच्या टप्प्यात असेल, तर साधारण ५ वॉट मिळतात. २ए३ चे साडेतीन, ३००बी चे आठच्या आसपास. एवढ्यात भागतं का? भागतं, पण स्पीकर पाहून.

स्पीकरच्या पाठीवर छापलेले '१०० वॉट' म्हणजे तो किती सहन करेल, एवढंच. किती मोठा वाजेल ते त्यातून कळत नाही. (एके काळच्या 'पीएमपीओ'च्या हजारो वॉटांबद्दल तर न बोललेलंच बरं.) आपल्याला हवी ती संवेदनशीलता : १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०.

आता गणित करा. ५ वॉट म्हणजे १ वॉटपेक्षा ७ डेसिबल जास्त. ९४ डेसिबलचा स्पीकर १०१ पर्यंत जाईल. ८२ चा ८९ वरच थांबेल. बीबीसीसाठी बनलेला प्रसिद्ध एलएस३/५ए याच ८२-८३ च्या घरातला. स्पीकर उत्तम, पण या कामाचा नाही. फरक १२ डेसिबलचा, म्हणजे सोळापट वॉट! गाणं सरासरी ७५ डेसिबलवर ऐकत असलो तरी तबल्याची थाप क्षणभर ९५ पर्यंत उसळू शकते. तिथे ८२ वाला अ‍ॅम्प्लिफायरचा दम काढतो आणि थाप फाटते.

गणपतीच्या मांडवातला जुना कर्णा आठवा. थोड्याशा वॉटांवर तो गल्ली दणाणून सोडायचा, कारण कर्ण्याची संवेदनशीलता १०० च्या वर जाते. पण त्यातून ढोलकीचा धुम्म येत नाही. इथेच खरी अडचण आहे : जास्त संवेदनशीलता, खोल खर्ज आणि लहान पेटी, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कुठल्याही दोन घ्या. १६० फुटांच्या खोलीत कपाटाएवढी पेटी मावणार नाही, म्हणून तिथे थोडा खर्ज सोडायचा आणि ९०-९२ चा हलक्या कागदी पडद्याचा स्पीकर घ्यायचा. लहान खोलीत तो भिंतीजवळ ठेवला की खर्जाला भिंतीची मदतही मिळते. मोठ्या हॉलमध्ये ऐकायचं अंतर वाढतं. तिथे ९४ च्या पुढेच पाहा.

दुसरी गोष्ट ओहम. '८ ओहम' ही ढोबळ संख्या असते. काही स्पीकर मध्येच ३ ओहमपर्यंत घसरतात, तर कुठे ३० वर चढतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड सैल असते, त्यामुळे या चढउतारांबरोबर आवाजाचा तोलही बदलतो. चढउतार कमी असलेला स्पीकर शोधा, आणि ८ ओहमचा असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या ८ च्याच टोकाला जोडा.

एक फसवणूकही ओळखून ठेवा. माहितीपत्रकात '२.८३ व्होल्ट' असेल तर ते ८ ओहमवर १ वॉट होतात, पण ४ ओहमवर २ वॉट. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे ९१ हे खरे ८८ च.

लॅमिंग्टन रोडला चौकशीला जाताना आपली ओळखीची, तबला असलेली एखादी ध्वनिफीत न्या आणि कमी आवाजातच ऐका. घरी जोडताना मात्र आधी स्पीकरच्या तारा, मगच स्विच. स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आतल्या शेकडो व्होल्टांना हात लावायचं काम जाणकाराचं.