पोटातल्या बाळाच्या किडनीला सूज : घाबरू नका, पण विसरूही नका



पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज आहे असे निघाले की वस्तीत दोन गोष्टी घडताना आम्ही पाहतो. एका घरात रडारड होते आणि गरोदर बाईलाच बोल लावले जातात. दुसऱ्या घरात ‘काही होत नाही’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो आणि पुन्हा कोणी काढून पाहत नाही. पहिल्याने आईचे हाल होतात, दुसऱ्याने बाळाची किडनी जाऊ शकते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

बाळ पोटातच लघवी करते

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची किडनी लघवी तयार करू लागते. ही लघवी बाळाभोवतीच्या पाण्यात, म्हणजे गर्भजलात मिसळते. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल हे बहुतेक बाळाच्या लघवीचेच असते. यात घाण काही नाही. बाळाच्या रक्तातली घाण वारेतून आईकडे जाते आणि आईचे शरीर ती बाहेर टाकते. गर्भजल मात्र बाळाची फुप्फुसे वाढायला लागते. म्हणूनच किडनीच्या तपासणीत डॉक्टर पाणी पुरेसे आहे का हे आधी पाहतात.

किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाटेत कुठे लघवी तुंबली की किडनीचा मधला भाग फुगतो. त्यालाच सूज म्हणतात. रिपोर्टवर ‘हायड्रोनेफ्रोसिस’ किंवा ‘पायलेक्टॅसिस’ असा शब्द असतो. शंभर गरोदर बायांमागे एक-दोन जणींच्या सोनोग्राफीत तरी ही सूज दिसते. म्हणजे ही फार दुर्मीळ गोष्ट नाही.

रिपोर्टमधला आकडा

१८ ते २० आठवड्यांत बाळाचे सगळे अवयव पाहणारी सोनोग्राफी होते. ती चुकवू नये. त्यात किडनीच्या मधल्या भागाचे माप मिलिमीटरमध्ये लिहितात. २८ आठवड्यांच्या आत हे माप ४ पेक्षा कमी आणि त्यानंतर ७ पेक्षा कमी असेल तर ते ठीक समजतात. २८ आठवड्यांच्या आत ७ किंवा जास्त, अथवा नंतर १० किंवा जास्त असेल तर जास्त लक्ष द्यावे लागते. मधल्या आकड्यांची सूज सौम्य असते आणि अशी बहुतेक बाळे पोटात किंवा जन्मानंतर आपोआप बरी होतात. आकडा कितीही असला तरी साधारण सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी करून सूज वाढली की उतरली हे पाहतात.

आकड्याइतक्याच महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. सूज एका बाजूला आहे की दोन्ही? मूत्राशय फुगलेले आहे का? गर्भजल कमी आहे का? एकाच किडनीला सूज असून दुसरी चांगली असेल आणि पाणी पुरेसे असेल तर घाईचे कारण नसते. एका चांगल्या किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो. दोन्ही किडन्या सुजल्या असतील आणि पाणीही कमी असेल तर मोठ्या रुग्णालयात लवकर जावे.

सूज कशाने येते?

बऱ्याच बाळांत वाट थोडी ढिली किंवा अरुंद असते आणि वाढीबरोबर ती सुधारते. काहींत किडनी आणि नळीच्या जोडावर अडथळा असतो. काहींत मूत्राशयातली लघवी उलटी वर चढते. मुलग्यांमध्ये कधी लघवीच्या वाटेत जन्मतःच पातळ पडदा असतो आणि त्याने दोन्ही किडन्या खराब होऊ शकतात. मात्र सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नये. ते सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोटातल्या बाळाची काळजी घ्यायला आपल्याला ते कळण्याची गरजही नसते.

दोष आईचा नाही. ग्रहणात सुरी धरली, कोणाची नजर लागली, यातल्या कशानेही किडनीला सूज येत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते शोधायचे असते, ही तथागतांची शिकवण घरात गरोदर बाईला बोल लावताना आपण विसरतो. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायची आहे. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी पाचव्या महिन्यानंतर बाळाची लघवी आणि गर्भजल कमी होऊ शकते. बीपीच्या काही गोळ्याही गर्भाच्या किडनीला बाधतात. म्हणून बीपी किंवा साखर असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगून गोळ्या बदलून घ्याव्यात. स्वतःहून बंद करू नयेत.

खरी चूक जन्मानंतर होते

बाळ जन्मते, रडते, दूध पिते, गुटगुटीत दिसते. मग सोनोग्राफी कशाला, असे घरातले म्हणतात. पण किडनी दुखत नाही. ती आतल्या आत खराब होत राहते आणि वर काहीच दिसत नाही.

त्यातच सोनोग्राफी शहरात होते आणि बाळंतपण माहेरी. फाईल सासरी राहते, माहेरच्या डॉक्टरांना काही माहीत नसते. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे : माहेरी जाताना फाईल पिशवीत सगळ्यात आधी ठेवा आणि बाळंतपणाच्या खोलीत जाण्याआधी डॉक्टर-नर्सबाईंना सुजेबद्दल सांगा. फक्त या सुजेसाठी सहसा सिझेरियन करावे लागत नाही.

पहिली सोनोग्राफी जन्मानंतर ३ ते ७ दिवसांत करावी. पहिल्या दोन दिवसांत बाळ लघवी कमी करते, त्यामुळे सूज असूनही दिसत नाही. मात्र दोन्ही बाजूंना जास्त सूज, पाणी कमी किंवा पडद्याची शंका असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच तपासतात. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी ४ ते ६ आठवड्यांनी दुसरी सोनोग्राफी करावीच.

पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नये :

- जन्मल्यावर २४ तासांत लघवी झाली नाही
- मुलाची धार बारीक आहे, थेंब-थेंब पडते
- बाळाला ताप आहे, दूध पीत नाही, उलट्या करते
- पोट फुगले आहे

अशा बाळाच्या तापाला नुसते सिरप देऊ नये. लघवी तपासून घ्यावी, कारण लघवीतल्या जंतूंमुळे किडनीवर कायमचे व्रण पडतात. डॉक्टरांनी रोजचे थोडे अँटिबायोटिक दिले असेल तर मनाने बंद करू नये. ऑपरेशन थोड्याच बाळांना लागते. पडदा असेल तर तो लघवीच्या वाटेतून दुर्बिणीने कापतात, पोट फाडावे लागत नाही. पण त्यानंतरही वर्षानुवर्षे तपासणीला जावे लागते.

क्वचित दोन्ही किडन्या तयारच होत नाहीत आणि असे बाळ सहसा जगत नाही. अशा गंभीर व्यंगात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. निर्णय त्या बाईचा. सौम्य सुजेसाठी मात्र कोणी गर्भपाताचा सल्ला देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पैशांचे काय?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईची सोनोग्राफी, बाळंतपण आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. ऑपरेशन सांगितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. काही अडले तर आशाताईला सोबत घ्या.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या हक्काच्या बिलाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती आणि मदत मिळणे ही सगळ्या समाजाची जबाबदारी, ही त्यामागची दृष्टी. आपल्या गल्लीत कोणाच्या रिपोर्टमध्ये अशी सूज निघाली असेल तर जन्मानंतरच्या दोन सोनोग्राफींच्या तारखा कॅलेंडरवर लिहून द्या, आणि त्या दिवशी तिच्यासोबत कोणीतरी जा.

नमो बुद्धाय, जय भीम.