देवाचे लक्षण कसे करावे?

देव कसा आहे असे कोणी विचारले की आपण विशेषणांची रास घालतो. दयाळू, सर्वज्ञ, सर्वसाक्षी! पण विशेषण निराळे आणि लक्षण निराळे. पनवेलहून पेणच्या वाटेला लागलेल्या परक्या माणसास कर्नाळा दाखवायचा झाला, तर आम्ही म्हणतो, ‘तो ढग टेकलाय ना, तोच डोंगर.’ ढग निघून जातो, पण ओळख पटलेली असते. हे तटस्थ लक्षण. ‘अंगठ्यासारखा सुळका’ म्हटले की ते स्वरूपलक्षण झाले. ब्रह्मसूत्रांतले दुसरे सूत्र जगाच्या उत्पत्त्यादिकांवरून ब्रह्म दाखविते, ते पहिल्या जातीचे. सत्, चित्, आनंद ही पदे दुसऱ्या जातीची.

बरे, एवढ्याने काम झाले काय? ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणात माउली या तीन पदांपाशीच आपल्याला थांबवितात. कांती, काठिण्य आणि सोनेपण ही काही सोनाराच्या तीन डब्यांत मिळत नाहीत. शिवाय सत् म्हटल्याने असत् निवारले, चित् म्हटल्याने जड, आनंद म्हटल्याने दुःख. वस्तू मात्र शब्दाच्या हाती आली नाही. केर काढला म्हणून केरसुणी घराची धनीण होत नाही, तसेच हे.

येथवर श्रोते माना डोलावतात. पण एकदा एका गृहस्थांनी कीर्तनानंतर विचारले, “बुवा, दया हे देवाचे लक्षण ना? मग माझा मुलगा गेला तेव्हा ती कुठे होती?” शास्त्रात याला उत्तर आहे. ईश्वर जीवांच्या कर्माच्या अपेक्षेने फळ देतो, म्हणून त्याच्याकडे पक्षपात नाही, क्रौर्यही नाही, असे सूत्रकार सांगतात. ते आम्हांस मान्य आहे. पण पुत्रशोकाने पोळलेल्या बापापुढे ते वाचून दाखवणे आम्हांस जमत नाही.

तुकोबांचे पाहा. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगाही गेला. त्यांनी देवाला कठोर शब्द ऐकवले, पण ऐकवले ते देवालाच. जनाबाईंनीही विठ्ठलाला शिव्या देण्यात कसूर केली नाही. लक्षणाने वस्तू तिसऱ्याला दाखविता येते. भांडताना तिसरा नसतोच.

त्या गृहस्थांना आम्ही इतकेच म्हणालो, “पहाटे काकड्याला या. हे आमच्यापाशी नको, त्याच्यापुढे उभे राहून त्यालाच विचारा.”