४०० जीबीचा बॅकअप बाहेरगावी कसा पाठवायचा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस सह्यांचे नमुने आणि स्कॅन केलेली कर्जप्रकरणं धरून ४०० जीबीचा झाला आहे. इंटरनेटचा अपलोड वेग जेमतेम ४ एमबीपीएस. बाहेरगावच्या सर्व्हरवर रोज बॅकअप पाठवायचा म्हटलं, तर रात्रभरात तो थोडासाच जातो आणि लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. काय करावं?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : आधी हिशेब मांडू. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४ एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला अर्धा एमबी जातो. ४०० जीबीला ८ लाख सेकंद, म्हणजे अखंड सव्वानऊ दिवस लागतील. रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ मिळत असेल, तर एका प्रतीला २८ रात्री. रोज सगळं पाठवणं या लाइनवर शक्यच नाही.

तरीही प्रत गावाबाहेर हवीच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. सर्व्हरशेजारच्या कपाटात ठेवलेली डिस्क अशा वेळी सर्व्हरबरोबरच जाते. त्यात तुमचं गाव गोदाकाठचं. पुराचाही विचार करायला हवा.

म्हणून पहिली पूर्ण प्रत लाइनवरून पाठवूच नका. ती कूटबद्ध करून हार्ड डिस्कवर घ्या आणि विश्वासू माणसाबरोबर रेल्वेने परभणीला किंवा आणखी लांब पाठवा. डिस्कवर उतरवणं, प्रवास आणि तिकडे चढवणं मिळून चार तास धरले, तरी हा वेग २२० एमबीपीएसच्या वर जातो. तुमच्या लाइनच्या पन्नासपटीहून अधिक.

त्यानंतर लाइनवरून रोजचे बदल तेवढे जाऊ द्या. जुन्या हिशेबनिसांकडे खतावणी आणि रोजकीर्द वेगळी असे. रोजकीर्द हाती असली की खतावणी पुन्हा उभी करता येई. डेटाबेसचंही तसंच आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद तो आधी लॉगमध्ये करतो. पोस्टग्रेसमध्ये त्याला वॉल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग. पूर्ण प्रत बाहेरगावी पोचलेली असली, की त्यानंतरचे लॉग क्रमाने पाठवत राहायचं. दिवसाला ५०० एमबी लॉग झाला, तरी १७ मिनिटांत जातो. चालू डेटाबेसच्या फाइल्स मात्र नुसत्या कॉपी करू नका. कॉपी होत असतानाच व्यवहार झाला, तर प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी निघते. बॅकअपसाठी डेटाबेसची स्वतःची सोय असते, तीच वापरा.

स्कॅन केलेली कागदपत्रं वेगळ्या फाइल्समध्ये असतील, तर आरसिंक उपयोगी पडेल. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते ऑस्ट्रेलियात तयार केलं. पलीकडचं यंत्र स्वतःकडच्या फाइलच्या तुकड्यांच्या छोट्या खुणा पाठवतं. अलीकडचं त्या ताडून पाहतं आणि न जुळणारा भागच पाठवतं. योग्य पर्याय दिला, तर तुटलेली प्रत जिथे थांबली तिथून पुढे नेता येते. एक काळजी घ्या : डेटाबेसचा संपूर्ण डम्प एकत्र दाबून जीझिप केला, तर सुरुवातीच्या एका नोंदीतल्या बदलाने पुढची सगळी फाइल बदलते आणि आरसिंकचा फायदा जातो. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं फाइलचे तुकडे आधी पाडतात, मग दाबतात आणि कूटबद्ध करतात. त्यामुळे ही अडचण येत नाही.

कूटबद्ध प्रतीचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवू नका. तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी. बाहेरची प्रत तुमच्या सर्व्हरवरून पुसता येणार नाही अशी परवानगी ठेवा, म्हणजे खंडणीखोर व्हायरस शिरला तरी ती वाचेल.

आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहा. चार-दोन खात्यांची शिल्लक मूळ नोंदींशी जुळवा. खातेदारांची आयुष्यभराची बचत या नोंदींवर उभी आहे. म्हणून ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश पाहून थांबू नका, शिल्लक जुळल्याची नोंद ठेवा.