वलगणीचे मासे

पहिला मोठा पाऊस पडला की ओढे भरतात आणि खाचरांत पाणी साचते. गढूळ पाणी खाली नदीकडे धावते. मासे मात्र उलटे, धारेवर चढून वर येतात. यालाच आपण वलगण म्हणतो. आपली गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते व पनवेलच्या खाडीला मिळते. खाडीतली चिवणी, नदीतला शिवडा आणि मरळ असे मासे वलगणीत सापडतात.

मासे वर का चढतात?

अंडी घालायला चढतात. खाचरातले पाणी उथळ व संथ असते. पिल्लांना तिथे बारीक किडे व शेवाळ खायला मिळते. माशाच्या पोटातल्या अंड्यांना आपण गाबोळी म्हणतो. एका गाबोळीत हजारो अंडी असतात. मरळ तर आपल्या पिल्लांची राखणसुद्धा करते. तांबडी पिल्ले थव्याने फिरतात आणि आईबाप जवळच असतात.

गाबोळी चवदार लागते. म्हणून लोक रात्री बॅटरी घेऊन जातात आणि ओढ्याच्या अरुंद जागी आडवे जाळे लावतात. मग एकही मासा वर जात नाही. पोटात गाबोळी असलेली मादी धरली तर एकच मासा गेला असे दिसते, पण खरे तर तिची सगळी पिल्लेही गेली. काही गावांत ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. त्याने लहानमोठे सगळेच मासे मरतात. जे कोणी खाणार नाही तेही मरते.

आपल्याकडे सिडकोची वसाहत झाली. खाचरांच्या जागी इमारती आल्या. माशांना अंडी घालायला जागा थोडी उरली. त्या वाटेवरही जाळे लावले तर माशांनी जायचे कुठे?

समुद्राला सुट्टी असते

महाराष्ट्रात समुद्रातल्या मासेमारीचा कायदा १९८१ साली झाला. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ देतात. लहान मासे धरू नयेत म्हणून २०२३ साली सरकारने ५४ जातींची कमीत कमी लांबी ठरवली. बोंबील १८ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. आपल्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. तिच्याएवढा बोंबील म्हणजे अजून लहानच. पण हे नियम समुद्राचे आहेत. आपल्या ओढ्याला सुट्टी कोण देणार? आपणच दिली पाहिजे.

बेडकांचे पण असेच झाले. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात खायला पाठवत असत. बेडूक शेतातले किडे खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. शेवटी १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

मग मासे खाऊच नयेत का?

आमच्या घरी आजोबा माळकरी आहेत. ते मासे खात नाहीत. त्यांचे ताट वेगळे असते. आम्ही बाकीचे सगळे खातो. आजोबा म्हणतात, जीव सर्वांचा सारखा. आजी म्हणते, मासळी नसती तर गरिबाने भाताबरोबर काय खाल्ले असते? मला दोघांचेही खरे वाटते. पण एका गोष्टीवर दोघे भांडत नाहीत. बाबांनी वलगणीची चिवणी आणली तेव्हा आजी म्हणाली, "तिच्या पोटान गाबोली हाय. सोर तिला." आजोबांनी लगेच मान हलवली. म्हणजे जो खातो त्यालाही नियम पाहिजे.

दुसरा नियम हाल न करण्याचा. मरळ हवेतही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर ती लवकर मरत नाही, बराच वेळ तडफडते. खायचीच असेल तर तिला तशी ठेवू नये, लवकर मारावी. बाजारात कोंबड्या पाय बांधून सायकलला उलट्या टांगतात. प्राण्यांना विनाकारण दुखवणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. कोंबडी कापायची आहे म्हणून तिला आधी दुखवायचे असे नाही. बैलाला पण पराणी टोचू नये. तो वर्षभर काम करतो आणि आपण त्याला पोळ्याला एकच दिवस ओवाळतो.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे :

१. पहिल्या पावसात ओढ्याला पूर्ण आडवे जाळे लावू नका. अर्धी वाट मोकळी ठेवा.
२. गाबोळीवाली मादी जिवंत असेल तर पाण्यात सोडा.
३. पाण्यात औषध किंवा पावडर टाकू नका.
४. पिल्ले व बेडूक धरून खेळू नका.
५. खाण्यापुरतेच धरा. उरलेले फेकायचे असेल तर धरूच नका.

आज एक चिवणी सोडली तर पुढच्या पावसाळ्यात आपल्याच ताटात जास्त येतील. आणि ज्याला खायचे नाही त्यालाही ओढ्यात मासे पाहायला मिळतील.

सांगा पाहू :

१. वलगण म्हणजे काय?
२. समुद्रातली मासेमारी किती दिवस बंद असते? का?
३. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : तुम्ही लहान असताना ओढ्यात कोणकोणते मासे होते? नावे वहीत लिहून आणा.

— इयत्ता चौथी