टेंपोचा गळका पाण्याचा पंप

वसई तालुक्यांतील वाडीवाल्यांचा माल पूर्वीं बव्हंशीं आगगाडीनेंच मुंबईस जात असे. भाजीच्या टोपल्या घेऊन लोकलनें जाणाऱ्या बायका आजहि आहेत. तथापि फुलें, केळीं व पालेभाजी मोठ्या प्रमाणावर न्यावयाची झाल्यास टेंपोवांचून गत्यंतर नाहीं. नवा टेंपो घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते, म्हणून पंधरा पंधरा वर्षें चाललेल्या गाड्यांवरच पुष्कळांची मदार असते. अशा जुन्या गाडीचें एक दुखणें आम्हीं येथें विचारास घेतलें आहे, कारण त्याचा फटका आम्हांस स्वतःस बसला.

गेल्या वैशाखांत आमचा टेंपो मोगऱ्याचे करंडे घेऊन दादरच्या फूलबाजारास निघाला, तो महामार्गावर वरसोवा पुलाच्या अलीकडील कोंडींत वाफ सोडीत उभा राहिला. दुसरें वाहन मिळेपर्यंत ऊन चढलें व कळ्या करंड्यांतच पिवळ्या पडल्या. मालाचें नुकसान एका दिवसाचें. परंतु तापून इंजिनाचें हेड वांकडें झालें, त्याच्या दुरुस्तींत हंगामाची कमाई गेली. दोष सर्वस्वीं आमचा. दोन महिने रोज सकाळीं रेडिएटरमध्यें तांब्याभर पाणी ओतावें लागत होतें, आणि तें जातें कोठें हा प्रश्न आम्हांस पडला नाहीं. जमाबंदीच्या वहींत एक रुपया जुळेना तर रात्र जागविणाऱ्या कारकुनानें तांब्याभर पाण्याचा हिशेब विचारूं नये, हें नवलच म्हणावयाचें.

इंजिनांत इंधन जळून जी उष्णता होते तिचा बराच भाग पाणी वाहून नेतें, व तें पाणी फिरतें ठेवण्याचें काम पंपाचें. पट्ट्यानें पंपाची पुली फिरते, पुलीचा दांडा बेअरिंगांत फिरतो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचें पात्यांचें चाक पाणी पुढें ढकलतें. पाण्यानें बेअरिंगाकडे येऊं नये म्हणून मध्यें सील असतें. सील झिजल्यावर पाणी बेअरिंगांत न शिरतां बाहेर पडावें, एवढ्यासाठीं पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र मुद्दाम ठेविलेलें असतें. तेथून ठिबक लागली म्हणजे पंपानें आपला राजीनामा दिला असें समजावें. कांहीं लोक तें छिद्र लुकण लावून बुजवितात. ही घोडचूक होय. पाणी मग बेअरिंगांत जातें, बेअरिंग खिळखिळें होतें, आणि ज्या गाडीचा पंखा पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असतो तिचा पंखा रेडिएटर फाडतो.

परीक्षा गार इंजिनावर करावी. रात्रीं इंजिनाखालीं कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळीं डाग पट्ट्याच्या बाजूस पडलेला दिसला तर संशय पंपावर. मात्र वरच्या रबरी नळीचें पाणीहि ओघळून तेथेंच येतें, म्हणून सर्व भाग फडक्यानें कोरडा करून, इंजिन चालूं असतां, हात व कपडे पट्ट्यापासून दूर ठेवून, विजेरीच्या उजेडांत ओल कोठून सुरू होते तें पाहावें. छिद्राखालीं पांढरा किंवा तांबूस ओघळ वाळलेला असला तर गळती जुनी. नंतर इंजिन बंद करून पट्टा सैल करावा व पुली दोन्ही हातांनीं हलवावी. ती डुगडुगली किंवा फिरवितांना खरखरली तर बेअरिंग गेलें. बाहेर थेंबहि न पडतां पाणी घटत असेल आणि इंजिनाचें तेल दुधासारखें दिसत असेल, तर तें दुखणें बहुधा हेडच्या गॅस्केटचें. पंप बदलून तें जावयाचें नाहीं.

रेडिएटरचें झांकण गरम असतां कोणीहि उघडूं नये. आंत दाब असतो. झांकण एका वातावरणाइतका जास्त दाब धरीत असेल तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंश सेल्सिअसला उकळतें, आणि झांकण निघतांच त्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते.

आमचा जुना पंप उघडला तेव्हां पातीं कुरतडल्यासारखीं झालेलीं होतीं. याचें कारण आमच्या विहिरीचें मचूळ पाणी. किनाऱ्याकडील आपल्या गांवांत उन्हाळ्यांत कित्येक विहिरींस खारेपणा येतो. जें पाणी आपण वेलीला घालतांना कचरतों तेंच गाडीला खुशाल पाजतों. क्षारानें धातु खातो, व क्षाराचे कण सीलच्या गुळगुळीत तोंडास घासतात. बावखलाचें पाणी गोडें असलें तरी त्यांत गाळ असतो. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट निम्मेंनिम्म घालावें हेंच बरें. तयार मिसळलेलें कूलंट मिळाल्यास त्यांत पाणी घालूं नये.

बदलतांना पाणी गार झाल्यावर काढून घ्यावें. बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्याचे त्या जागीं खोंचून ठेवावे. जुनें गॅस्केट इंजिनाच्या तोंडावरून पूर्ण खरवडावें, पण धातूवर ओरखडा उठूं देऊं नये. बहुतेक नवे पंप गळतात ते येथल्या घाईमुळें. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. कारागीर थर्मोस्टॅट काढून टाकावयास सांगेल. तें ऐकूं नये, त्यावांचून इंजिन वेळेवर तापत नाहीं व डिझेल जास्त खातें. पट्टाहि त्याच वेळीं नवा घालावा. भरल्यावर झांकण उघडें ठेवून, गार इंजिन सुरू करून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पाहत राहावें. मगच झांकण लावावें, आणि पुढील आठवडाभर रोज सकाळीं पुठ्ठा पाहावा.

काढलेलें जुनें कूलंट उघड्या घमेल्यांत राहूं देऊं नये व विहिरीजवळ ओतूं नये. तें चवीला गोडसर पण विषारी असतें. कुत्रीं व गुरें तें चाटतात. झांकणाच्या डब्यांत भरून तें गॅरेजवाल्याकडेच परत न्यावें.