घरात कुणी व्हीगन झालं तर

कॉलेजात जाणारी मुलगी एके दिवशी दूध, दही, तूप, मध सगळंच सोडते आणि आईपुढे प्रश्न उभा राहतो: आता घरात दोन स्वयंपाक करायचे का? बऱ्याच वाचकांनी हेच विचारलं आहे. दोन स्वयंपाकांची गरज नाही. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, चिंचगुळाची आमटी यांत प्राणिजन्य काहीच नसतं. फोडणी तेलाची करा. वरणावरचं तूप आणि थालीपिठावरचं लोणी ज्याचं त्याने वाढून घ्यावं.

गोडाची सोय तर कोकणाने आणि गोव्याने केव्हाच करून ठेवली आहे. शिरवाळे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मणगणं हे सगळं नारळावर आणि गुळावर होतं. मणगण्यासाठी हरभऱ्याची डाळ आधी मऊ शिजवून घ्या, मग नारळाच्या पातळ दुधात डाळ, साबुदाणा आणि गूळ घालून मंद आचेवर ठेवा. जाड दूध मात्र गॅस बंद केल्यावर, जरा निवलं की घालायचं, नाहीतर ते फुटतं. वरून वेलची. दूध नाही म्हणून मधुमेहींनी दुसरी वाटी घेऊ नये. गुळाने साखर वाढतेच, आणि नारळाच्या दुधात संपृक्त मेद भरपूर असतो.

रोजच्या दुधाची जागा नारळाचं किंवा बदामाचं दूध घेऊ शकत नाही, कारण त्यांत प्रथिनं फार थोडी. त्यासाठी सोयाचं दूध, टोफू, डाळी, शेंगदाणे हवेत. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ उत्तम. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून फसू नका, त्यात दूध असू शकतं.

माझी खरी काळजी मात्र बी१२ची आहे. हे जीवनसत्त्व डाळी, भाज्या, फळांतून मिळत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून किंवा स्पिरुलिनातून ते भरून निघतं असं अनेकजण सांगतात, कृपया त्यावर विसंबू नका. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 साली सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांचं बी१२ कमी आढळलं होतं, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. म्हणजे आपल्याकडे साठा मुळातच तोकडा. तो भरलेला असला तर काही वर्षं पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. शिवाय पालेभाज्या आणि डाळी भरपूर खाणाऱ्याला फोलेट छान मिळतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, अंधारात तोल जाणं अशा तक्रारी असतील तर हिमोग्लोबिनच्या आकड्यावर समाधान मानू नका, बी१२ची तपासणी वेगळी करून घ्या.

व्हीगन आहार आहे तोवर बी१२ची गोळी हवीच. किती मात्रेची आणि किती दिवसांनी घ्यायची, हे तपासणी पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी यात एक दिवसाचीही ढिलाई करू नये. आईचं बी१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं; बाळ मलूल होतं, मान धरायला, बसायला उशीर करतं, कधी आधी जमत असलेलंही विसरतं. असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरी काढलेलं बदामाचं किंवा नारळाचं दूध कधीही देऊ नका.