गावच्या चषकाचं ‘लाईव्ह’: खर्च कुठे, काटकसर कुठे?

भात झोडून झालं की पनवेलजवळच्या गाढी नदीच्या खोऱ्यात, नेऱ्यापासून वर देहरंग धरणापर्यंत, टेनिस क्रिकेटचे दिवस येतात. पूर्वी मंडळाच्या बैठकीत चेंडू, चषक, मंडप आणि साउंड एवढाच हिशेब असायचा. आता संघवाले फी भरण्याआधी विचारतात, ‘‘लाईव्ह आहे ना?’’ हे नखरे नव्हेत. २०२४ साली ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही टेनिस चेंडूची दहा षटकांची लीग झाली, टीव्हीवर दिसली. तेव्हापासून आपल्या षटकाराची क्लिप प्रत्येक पोराला हवी असते.

पहिलं काम फुकटात होतं. क्रिकहिरोजसारख्या ॲपवर गुण भरायला पैसे पडत नाहीत आणि खेळाडूच्या धावा, बळी नावावर कायम राहतात. खर्च आहे तो गुणलेखकाचा. पुढच्या सामन्यात खेळणारा पोरगा तिथे बसवू नका. दिवसभर बसेल असा माणूस ठरवा, त्याला जेवण आणि मानधन द्या. माझ्या हातात असेल तर कॅमेऱ्याच्या आधी मी हे पैसे काढून ठेवीन.

लाईव्ह स्वतः करायचं तर मोबाईल कुणाचा तरी असतोच. बरा ट्रायपॉड हजाराच्या आसपास, मोठी पॉवर बँक दोनेक हजार, कॉलरचा माइक हजारभर. चार हजारांत सामान येतं आणि पुढच्या वर्षी मंडळाकडेच राहतं. खरी मेख डेटात आहे. ७२० पीचं चित्र ४ एमबीपीएसने पाठवलं तर तासाला १.८ जीबी जातो, आठ तासांना साडेचौदा. रोज २ जीबीचं सिमकार्ड सव्वा तासात गार! अमर्याद ५जी मिळतं, पण फोन डोंगराआड ४जीवर घसरला की कोटा कापायला लागतो. म्हणून आधी मैदानात, कॅमेरा लावणार त्याच जागी, अपलोडचा वेग मोजा. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका. आठ एमबीपीएस मिळाले तर निर्धास्त. यूट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह व्हायला निदान ५० सबस्क्रायबर लागतात आणि सुविधा चालू व्हायला २४ तासही लागू शकतात. आदल्या रात्री चॅनेल उघडून भागत नाही.

लाईव्हवाला बोलवायचा असेल तर तिघांकडून दर घ्या. दर दिवसाचा की सामन्याचा, कॅमेरे किती, पडद्यावर धावफलक आहे का, जनरेटर कुणाचा, रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो आणि क्लिपसाठी पोरं महिनाभर मंडळाच्या मागे लागतात.

आता थर्ड अंपायर. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत टीव्ही रिप्ले पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकरच, तोही धावबाद. तीच हौस आता मोबाईलवर भागवतात. पण साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. सेकंदाला सहा मीटर पळणारा फलंदाज दोन चित्रांच्या मध्ये २० सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे जवळजवळ वीतभर. एका चित्रात बॅट रेषेबाहेर, पुढच्यात आत, आणि बेल्स उडाल्या मधल्या वेळात. मग भांडा! मोबाईलमध्ये २४० चित्रांचा स्लो मोशन असेल तर फरक अडीच सेंटीमीटरवर येतो. दोन्ही टोकांना क्रीजच्या अगदी रेषेत एकेक फोन पक्का बांधा, तो लाईव्हला जोडू नका, प्रत्येक चेंडूला रेकॉर्डिंग चालू ठेवा. रात्रीच्या दिव्यांत हे चित्र काळवंडतं, लुकलुकतं. डे-नाईट सामन्यात त्याच्या भरवशावर निर्णय नको. पायचीतसाठीचं हॉक-आय वगैरे विसरा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पायचीत देतच नाहीत. आणि दर सामन्याआधी क्रीजवर चुना नव्याने मारा, नाहीतर कॅमेऱ्याला रेषाच दिसायची नाही.

ड्रोनवर मी तरी पैसे घालणार नाही. घालायचेच तर भाड्याने घ्या. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ड्रोनची नोंदणी लागते. दोन्ही कागद बघा. शिवाय विमानतळ आता पनवेलच्या पलीकडेच आहे आणि विमानतळापासून १२ किलोमीटरपर्यंत उंचीचे नियम कडक आहेत. सरकारी नकाशावर मैदान कुठल्या रंगात येतं ते पाहूनच इसार द्या.

साउंडवाल्यालाही आदल्या दिवशी बजावा. दोन षटकांच्या मध्ये वाजवलेलं सिनेमाचं गाणं यूट्यूबने पकडलं तर लाईव्ह बंद पडू शकतं. त्यापेक्षा ताशा वाजवा.